मापाड्याची जबानी

निपाणीच्या ठाण्यात बाकावर बसलोय.
अंगाला तंबाखूचा खाट;
हवालदार बडिगेर दोनदा शिंकले, तिसऱ्यांदा हसले.
कागद कन्नडात आहे, मी सांगतोय मराठीत.
शाई वाळेपर्यंत मधल्या मधे
माझ्या बोलण्याचं काय होतं, देव जाणे.

विचारतात, प्रचोदने काय होती?
म्हणजे चिथावणी. तिनं हात उचलायच्या आधी
त्यानं नेमकं काय केलं?

नेमकं सांगायची सवय आहे मला.
बावीस वर्षं वखारीत काटा धरलाय.

मुकादम नरसगोंडा सुटीच्या वेळी
बायकांची झडती घेतो.
ओच्यातून चुरा नेतात म्हणे.
नेतातही चिमूटभर, मिसरीपुरता. ते पण लिहा.
नव्या पोरींची झडती जरा जास्त वेळ चालते.
तीन वर्षं. रोज थोडं थोडं.
एका दिवसाचं वजन करायला गेलात
तर काटा हलणारही नाही.

परवा त्यानं केराबाईच्या नातीला थांबवलं, कस्तुरीला.
दोन्ही हात वर करून पोरगी छताच्या पत्र्याकडे बघत उभी,
सुई टोचून घेताना बघतात तशी.
कुणी बोललं नाही.
मी पावती लिहीत होतो.
पावतीवर लिहिण्यासारखं काही नव्हतं,
तरी लिहीत होतो.

तायव्वा काट्यापाशी आली.
तिथं वजनं ओळीनं असतात:
दहाचं, पाचचं, दोनचं, एकाचं, अर्ध्याचं.
पाचचं तिच्या हाताशी होतं.
ती वाकली, आणि पार टोकाचं
अर्ध्या किलोचं उचललं.
हे लिहा साहेब, खाली रेघ मारून लिहा.
भान सुटलेलं माणूस हाताला येईल ते घेतं.
ही बाई निवडत होती.

डोकं समोर होतं त्याचं. घाव मनगटावर.
एकच.
पोरीवरचा हात सुटला तशी
तिनं वजन पदराला पुसलं,
ओळीत परत ठेवलं.
दुसरा घालायला वेळ होता. जागा होती.
मागं चाळीस बायका उठून उभ्या होत्या.

बडिगेर म्हणतात, हाड मोडलंय.
ढकलता आलं असतं की, ओरडता आलं असतं,
मालकाकडे जाता आलं असतं.
मालकाकडे दोनदा गेली होती.
दोन्ही वेळा मालक म्हणाले, बघतो.
आणि ढकलायचं म्हणाल, तर एकदा गंमत म्हणून
काट्यावर बसली होती ती.
एकेचाळीस भरली, लुगड्यासकट.

"एष्टु?"
वजन किती होतं, ते विचारतायत. शिक्का काय म्हणतो?

बाहेर चिकोडीची बस लागली.
कंडक्टर दोन्ही भाषांत तेच गाव ओरडतोय.

शिक्का म्हणतो अर्धा किलो.
पण साहेब, त्या वजनाच्या तळाला शिसं आहे.
मालकांनी सांगितलं, मी ओतलं,
दिवाळीच्या सुटीत, दार लावून.
खरं भरतं सहाशे.
बायकांनी निवडलेला माल तेवढा कमी दिसायचा,
मजुरी तेवढी कमी पडायची,
आणि रोज संध्याकाळी मी मोठ्यानं आकडा सांगायचो.

म्हणजे तिनं मारलं ते अर्ध्यानं.
त्याला लागलं ते सहाशेनं.
वरचे शंभर तिनं उचललेच नव्हते,
ते तिला ठाऊकही नव्हते.
हाड कशानं मोडलं, तिच्या अर्ध्यानं
की माझ्या शंभरानं,
ते डॉक्टरलाही सांगता यायचं नाही.

बडिगेरांचं पेन थांबलंय.
दाराकडे बघतात. मग हळू आवाजात,
मराठीत,
"हे लिवू का?"

लिहा, म्हटलं.

आकडा त्यांनी कन्नडात काढला.
अक्षरं येत नाहीत मला, पण आकडे येतात,
बारदानावर वाचून वाचून शिकलोय.
सहा, शून्य, शून्य. बरोबर होता.

सही मराठीत चालंल, म्हणाले.